पद्मिनी उन्हात रुसली तर

एप्रिलची दुपार, सिग्नलला दहा मिनिटांचा खोळंबा, आणि पद्मिनी (प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट) दोन आचके देऊन बंद. बॉनेट उघडेपर्यंत चार माणसं जमतात आणि पाचवा येऊन सांगतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." त्याला चहा पाजा, पण कार्बोरेटर खोलू देऊ नका. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या आणि गार झाल्यावर गपगुमान सुरू होणाऱ्या गाडीत पहिले संशयित दोनच: पेट्रोलची वाफ आणि कंडेन्सर (ठिणगीच्या सर्किटमधला छोटा कपॅसिटर).

कोण ते ठिणगीवरून ठरवा. एका प्लगची वायर काढून त्यात जादा प्लग अडकवा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. वायर हातात धरू नका. प्लग कार्बोरेटरपासून लांब हवा. कुठे पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोग करूच नका. ठिणगी निळी, तडतडणारी आली तर दोष पेट्रोलकडे. पिवळट, मरतुकडी आली तर कंडेन्सर किंवा पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क).

पेट्रोलचा दोष असेल तर एसी पंपाकडे वळा. (बहुतेक पद्मिनींत एसी म्हणायला तेवढा एकच.) हा पंप इंजिनलाच चिकटलेला, आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेणारा. ओढताना नळीतला दाब कमी होतो, त्यामुळे तापलेलं पेट्रोल लवकर उकळतं आणि पंप नुसती वाफ हलवत बसतो. ओलं फडकं पिळून पंपावर आणि येणाऱ्या नळीवर गुंडाळा, दहा मिनिटं थांबा. बाटलीभर पाणी ओतलंत तर डिस्ट्रीब्युटर (ठिणगी प्लगांना वाटणारा भाग) भिजेल आणि दुसरा दोष तुम्हीच तयार कराल. सुरू करताना चोक ओढायचा नाही. अॅक्सिलरेटर अर्धा दाबून धरा, पुन्हा पुन्हा दाबू नका.

हे दर आठवड्याला होत असेल तर नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला टेकते का ते बघा. पंप आणि ब्लॉकमधला जाड इन्सुलेटर कुणीतरी "नको असलेला तुकडा" म्हणून काढलेला असतो; तोही परत बसवा. इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर फुगतं, म्हणून नळ्या आणि पंपातला डायफ्राम (रबरी पडदा) नवे घ्या. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला की कटकट जवळपास मिटते, फक्त कट्टर फियाटवाले तुमच्याशी बोलायचे थांबतात. पंप २ ते ४ पीएसआय दाबाचाच घ्या. इंजेक्शन गाडीचा लावलात तर कार्बोरेटरची सुई तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल बाहेर वाहतं.

ठिणगी कमजोर असेल तर डिस्ट्रीब्युटरचं झाकण काढा. गाडी चौथ्या गिअरला टाकून, इग्निशन बंद ठेवून, हळूहळू ढकला. पॉइंटची टाच कॅमच्या (आत फिरणाऱ्या दांड्याच्या) उंचवट्यावर आली की थांबा. स्क्रू सैल करून गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवा: फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जरासा घासत सरकला पाहिजे. स्क्रू आवळताना गॅप हमखास हलतो, म्हणून पुन्हा मोजा. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं, तेही तपासा. पॉइंटवर खड्डा आणि समोर टेंगूळ दिसलं तर कंडेन्सर बदला. डिकीत दोन ठेवा. नवा कोरा कधी कधी डब्यातूनच मेलेला निघतो.