इटलीची चित्रं, कारागिरी आणि शेतमुक्काम: या चुका टाळा

विमानातून उतरल्या उतरल्या जो विचारतो, “उद्या किती पॉइंट्स?”, तो चौथ्या दिवशी रुसणार हे मला आता अनुभवाने कळतं. मी आठ-दहा मराठी माणसांचा गट घेऊन इटलीच्या टस्कनी आणि उंब्रिया या प्रांतांत जाते. चित्रं बघायची, हाताने काम करणाऱ्यांच्या शेजारी बसायचं आणि शेतावर राहायचं, एवढाच दहा दिवसांचा बेत. माणसं दर वेळी नवी, चुका जुन्याच.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे कारागिराची घाई करणं.

उंब्रियातल्या पेरुजा शहराच्या दक्षिणेला देरुता नावाचं टेकडीवरचं गाव आहे. मध्ययुगापासून इथे मायोलिका होते, म्हणजे पांढऱ्या झिलईवर रंगवलेली मातीची भांडी. भांडं आधी सुकवतात, मग साधारण हजार अंश तापमानाला भाजतात. भाजलेलं भांडं कथिल घातलेल्या पांढऱ्या द्रावात बुडवलं की माती पाणी शोषून घेते आणि वर पिठासारखा थर उरतो. त्या थरावर रंगवायचं. कुंचला टेकला की रंग आत जातो, खोडायची सोय नाही. मग पुन्हा भट्टी. तिथेच ती पूड वितळून काच होते आणि कोबाल्टचा मळकट दिसणारा फराटा निळाभोर होतो.

आमच्या गटाने एका दुपारी तिथे बशा रंगवल्या. कारागिरीणबाईंनी सांगितलं, भट्टी भरली की पेटवीन, बशा नंतर पाठवीन. गटातल्या एका काकांना ते पटेना. “अहो ताई, एवढीशी बशी, तिला इतके दिवस? मी अशीच नेतो. आपल्याकडे कुंभार काय कमी आहेत?” मी समजावलं, बाईंनी हातवारे करून समजावलं. काकांनी बशी पंच्यात गुंडाळली आणि बॅगेत घातली. संध्याकाळी खोलीवर पंचा उघडला तेव्हा निळा मोर पंच्यावर होता आणि बशीवर बोटांचे ठसे. उरलेली पूड त्यांच्या एकुलत्या एक कोटावर. इतरांच्या बशा पुढे टपालाने घरी आल्या, चकचकीत. काका अजून म्हणतात, मी आधी नीट सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी देरुताला दुसऱ्याच दिवशी जाते. शेवटच्या दिवशी गेलं तर भट्टीची वाट बघायला वेळच उरत नाही. आणि बशी रंगवायची नसेल तर नुसतं बसा. टाचणीने भोकं पाडलेला कागद बशीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात आणि ठिपक्यांची नक्षी उतरवतात, ते बघा. रांगोळीचा छाप वापरलेल्यांना लगेच कळेल. याला ते स्पोल्वेरो म्हणतात. पिएरो देल्ला फ्रांचेस्का या चित्रकाराने पंधराव्या शतकात टस्कनीतल्या आरेत्झो शहरात सान फ्रांचेस्को चर्चमधली भित्तिचित्रं काढताना हेच तंत्र वापरलं होतं. देरुता करून आरेत्झोला गेलेला माणूस त्या भिंतीसमोर वेगळा उभा राहतो. थेट गेलेला विचारतो, “इथून बस किती वाजता?”

म्हणून माझी दुसरी हट्टाची गोष्ट: फ्लॉरेन्सचं उफिझी हे चित्रसंग्रहालय पहिल्या दिवशी नको. झोप पुरी झालेली नसते, पाय सुजलेले, आणि दालनामागून दालन सोनेरी पार्श्वभूमीच्या मॅडोना, म्हणजे मेरीमाता. अर्ध्या तासात सगळ्या सारख्या दिसायला लागतात. मी सातव्या दिवशी नेते आणि सहाच चित्रं दाखवते. पैसे वसूल करायचे असतील त्यांनी बाकीची स्वतः धावत बघावी. टस्कनीतल्या सिएना शहरालाही शेतमुक्कामानंतरच जाते. तिथल्या पालात्झो पुब्लिकोत, म्हणजे नगरभवनात, आंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने 1338-39 मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं भिंतींवर रंगवली. चांगल्या राज्याच्या भिंतीवर वेशीबाहेरची शेतं आहेत, मळणी आहे आणि एक माणूस काळं डुक्कर हाकत शहराकडे निघालाय. डुकराच्या खांद्यावर पांढरा पट्टा. डुकरांची ही ‘चिंता सेनेसे’ नावाची जात अजूनही तिथल्या शेतांवर पाळतात. आमच्या गटातल्या एका आजींनी ते डुक्कर सगळ्यात आधी ओळखलं. आदल्या तीन सकाळी त्याच्याच भावंडांनी त्यांना उठवलं होतं.

शेतमुक्कामाला हॉटेल समजू नका. अग्रितुरिस्मोचा, म्हणजे शेतमुक्कामाचा, पहिला राष्ट्रीय कायदा 1985 चा, आताचा 2006 चा, आणि दोन्हींत शेती आधी, पाहुणे नंतर. रात्री अकराला गरम पाणी आणि चहा मागाल तर घरमालकीण झोपलेली असेल, पहाटे तिला जनावरं बघायची असतात. ऑलिव्हची काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, द्राक्षांची सप्टेंबरच्या आसपास. मेमध्ये येऊन “तेल काढताना दाखवा ना” म्हणणं म्हणजे मेमध्ये हुरडा मागणं.

दुपारी एकच्या सुमाराला गावातली दुकानं, कार्यशाळा, पुष्कळशी चर्चसुद्धा बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. पुण्याच्या ‘एक ते चार बंद’वर आयुष्यभर विनोद केलेली मंडळी इथे बंद दारासमोर चिडतात, तेव्हा मला फार बरं वाटतं.

सोमवारी उफिझी बंद. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा आहे ते फ्लॉरेन्सचं अकादेमिया संग्रहालयही बंद. शहरात उघड्यावर चौकात आहे ती प्रतिकृती, तिच्यासमोर फोटो काढून “झाला डेव्हिड” म्हणू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. फुकटची रांग किती लांब असते ते तुम्हाला सांगायला नको.

शाकाहारी असाल तर “मांस नको” एवढं पुरत नाही. भाजीच्या सूपचं पाणी मांसाचं असू शकतं, म्हणून ‘ब्रोदो वेजेताले’, म्हणजे नुसतं भाज्यांचं पाणी, आहे का विचारा. पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं, हे आधी कळलेलं बरं. टस्कनीचा पाव अळणीच असतो. तो बिघडलेला नाही, स्वयंपाकघरात तक्रार नेऊ नका. लोणचं काढा.

फ्लॉरेन्समध्ये चामडं घेताना आपली अक्कल विमानतळावर ठेवू नका. कोल्हापुरात चप्पल वाकवून, वास घेऊन, दोन दुकानं फिरून घेणारा माणूस इथे रस्त्यावरच्या पहिल्याच पाटीला भुलतो.

चाकांची मोठी बॅग टेकडीवरच्या दगडी गल्ल्यांत तुम्हालाच ओढायची आहे. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाका. गाडी भाड्याने घेतलीत तर जुन्या शहरातल्या, परवान्याशिवाय गाडीला बंदी असलेल्या कॅमेऱ्याच्या हद्दीत शिरू नका, दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं. आणि बसचा ड्रायव्हर साडेचार तासांनी पाऊण तास थांबतो तो कायद्याने, आळसाने नाही.

सुटी नाणी जवळ ठेवा. कितीतरी चर्चमध्ये अंधाऱ्या कोपऱ्यातल्या चित्रावरचा दिवा नाणं टाकल्यावरच लागतो आणि थोड्या वेळात आपोआप विझतो. सगळे माना वर करून बघत असतात. दिवा विझतो नेमका तेव्हा, जेव्हा मागून कुणीतरी म्हणतं, “थांबा, माझा मोबाइल पिशवीत आहे.”