अमेरिकेत पीस दिसलं तर तिथेच राहू द्या

लायसन्स, विमा, क्रेडिट स्कोअर यांवर सल्ले देणारे इथे पैशाला पासरी. पिसांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि मग नव्याने आलेल्यांची मुलं तळ्याकाठची कॅनडा गूज या रानहंसाची पिसं मूठमूठ घरी आणतात.

१९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्यानुसार हजाराहून जास्त जातींच्या पक्ष्यांचं पीस, अंडं, रिकामं घरटं, हाडं, काहीही परवान्याशिवाय जवळ ठेवणं गुन्हा आहे. दंड १५,००० डॉलरपर्यंत, कैद सहा महिन्यांपर्यंत. 'आपोआप गळून पडलेलं होतं' हे उत्तर चालत नाही. पक्षी मांजराने मारलेला, काचेवर आपटून मेलेला, गाडीखाली आलेला, तरीही नाही. पीस गळालं की पक्षी मारून उपटलं, हे सिद्ध करणं जवळपास अशक्य, म्हणून कायद्याने पळवाटच ठेवलेली नाही. भारतात गळालेलं मोरपीस घरात चालतं, तिथेच आपली गल्लत होते.

'स्थलांतरी' या शब्दावर जाऊ नका. बारा महिने एकाच अंगणात राहणारा कार्डिनलही यात येतो, आणि १९७२ पासून कावळासुद्धा. सुटलेल्यांतले नेहमी दिसणारे: पारवा, घरचिमणी, युरोपियन स्टार्लिंग. टर्कीला राज्याचे नियम लागतात.

गरुडाचा कायदा वेगळा आणि कडक: पहिल्याच गुन्ह्याला एक लाख डॉलरपर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद. बाल्ड ईगलचं डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर तो तपकिरी असतो आणि त्याचं पीस टर्कीचं वाटतं. मोठं तपकिरी पीस दिसलं की हात मागे.

एका पिसासाठी कुणी दार ठोठावत नाही, हे खरं. माणसं सापडतात ती ऑनलाइन विकताना, फोटो टाकताना, विमानतळावर बॅग उघडल्यावर. 'दहा वर्षांत मला काही झालं नाही' म्हणणाऱ्या आपल्या जुन्याजाणत्यांना ग्रीन कार्डच्या अर्जातला अटकेचा प्रश्न भरून द्यायचा नसतो, तुम्हाला असतो.

जन्माष्टमीसाठी मोरपीस भारतातून आणू नका, तिथून निर्यातीला बंदी आहे. इथे पाळीव मोरांची पिसं दुकानात मिळतात, पावती जपा.

जखमी पक्षी मात्र उचलता येतो, पण फक्त लगेच परवानाधारक पुनर्वसन केंद्रात पोचवण्यासाठी. हातमोजे घाला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, झाकण लावा. पाणी-दाणा काही देऊ नका, रात्रभर घरी ठेवू नका.