धूळ खात पडलेली स्प्लेंडर रस्त्यावर आणताना

सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन पावसाळे उभी असलेली कार्बोरेटरवाली स्प्लेंडर घेतलीत, तर लगेच किक मारू नका. सिलिंडर आतून कोरडा पडलेला असतो, पिस्टनच्या रिंगा त्याला ओरखडे पाडतात. स्पार्क प्लग काढून भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी स्विच बंद ठेवून हलक्या हाताने आठ-दहा किका मारा. मग ऑइल बदला.

खरा त्रास शिळ्या पेट्रोलचा. त्याचा चिकट थर पायलट जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीत बसतो, म्हणून गाडी चोकवर सुरू होते आणि चोक काढला की बंद पडते. जेटमध्ये तार अजिबात घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा फवारा मारा. टाकीत गंज असेल तर आधी टाकी धुवा, नाहीतर जेट पुन्हा चोंदणारच.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर बदलाच. ब्रेक शू, केबली पुण्यात नाना पेठेत मिळतात. जुना नग नमुन्याला न्या.

गाडीला पंधरा वर्षं झाली असतील तर विमा, पीयूसी करून संगम पुलाजवळच्या आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करून घ्या.