दुहेरी काचेच्या खिडक्या आणि त्यांची कुलुपं: घरच्या घरी देखभाल व दुरुस्ती

दोन काचांच्या मध्ये धुकं साचलं, हँडल फिरेनासं झालं किंवा पावसाचं पाणी आत झिरपलं की बहुतेक वेळा एकच सल्ला कानावर पडतो: अख्खी खिडकी बदला. तशी वेळ क्वचितच येते. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, चौकट गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत भक्कम टिकते. आधी थकतात ते काचेचा सील, धातूचे भाग आणि रबर, आणि हे तिन्ही चौकटीला धक्का न लावता बदलता येतात. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते शोधा.

या कामाचा महिना मे. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चालू असते त्याच दिवसांत खिडक्याही उरकाव्यात. सिलिकॉनला कोरडी भिंत लागते, आणि जूनमध्ये चिऱ्याची भिंत एकदा पाणी प्यायली की चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, नीट वाळत नाही.

धुकं नेमकं कुठे आहे?

काचेवर आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर ती खोलीतली वाफ आहे. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात हे होणारच, एक्झॉस्ट फॅन लावा. बाहेरून रेघ उमटली तर तेही बिघाडाचं लक्षण नाही. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर साधारण २७ अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं, आणि पावसाळ्यात एसी १८ वर ठेवला की बाहेरची काच तेवढी गार होऊ शकते. एसी २५ च्या आसपास ठेवला की हे दव बहुतेक वेळा धरत नाही.

दोन्हीकडून पुसूनही धुकं तसंच राहिलं तर ते काचांच्या मध्ये आहे, आणि हाच खरा बिघाड. दोन काचांमध्ये कडेने ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. तिच्यात ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्यूटिलचा पहिला सील आणि त्याच्या बाहेर पॉलीसल्फाइड किंवा सिलिकॉनचा दुसरा. काचेचा खालचा काठ दिवसेंदिवस पाण्यात बुडून राहिला की सील सुटतो, दमट हवा आत शिरते, दाणे भिजून जातात आणि मग ओल काचेवर दिसू लागते. काचेला भोक पाडून आतलं पाणी सुकवायचा उपाय सुचवला जातो. तो करू नका. भिजलेले दाणे तसेच राहतात, आणि टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या, काचेला ड्रिल लावलं तर क्षणात तिचा भुगा होतो. दोन काचांचा धुकट जोड काढून नवा बसवणं हाच उपाय.

आधी पाण्याची वाट मोकळी करा

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि बराचसा नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. खिडकीत पाणी शिरणारच, हे धरूनच ती बनवलेली असते. चौकटीच्या तळाला आत आणि बाहेर लांबट फटी ठेवलेल्या असतात, त्यांतून ते पाणी बाहेर पडतं. या फटी बुजल्या की पाणी ट्रॅक भरून खोलीत उतरतं, आणि काचेचा सीलही याच साचलेल्या पाण्याने जातो. बहुतेक दुरुस्त्यांचं मूळ इथे असतं, म्हणून सुरुवात इथूनच करा.

पल्ला उघडा. ट्रॅकमधली लाल माती आधी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, कारण पाणी लागलं की तिचा चिखल थेट फटीत जाऊन बसतो. बाहेरच्या फटीवरची प्लास्टिकची टोपी अलगद काढा. तिच्या मागे बहुधा कुंभारीण माशीचं मातीचं घर किंवा मुंग्यांची वस्ती सापडते. केबल बांधायची पातळ प्लास्टिकची पट्टी आत सरकवून ते मोकळं करा. आतली आणि बाहेरची फट समोरासमोर नसते. वाऱ्याने पाणी उलटं आत ढकललं जाऊ नये म्हणून ती मुद्दाम मागेपुढे ठेवलेली असते. त्यामुळे पट्टी आरपार गेली नाही तर जोर करू नका, सुईशिवायच्या मोठ्या सिरिंजने पाण्याचा फवारा मारा. शेवटी ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. मिनिटभरात ते बाहेरच्या फटींतून वाहून गेलं पाहिजे. एखाद्या रंगाऱ्याने किंवा घाईत काम केलेल्या माणसाने बाहेरची फट सिलिकॉनने बुजवलेली दिसली तर ब्लेडने ते लगेच कापा. गळती थांबवायला म्हणून केलेली ही चूकच सर्वात जास्त गळती करते.

चौकट आणि भिंत यांच्यामधून पाणी येत असेल तर जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. सांधा कोरडा करून बाहेरच्या बाजूने न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन इथे नको: त्यातल्या आम्लाने धातू गंजतो आणि यूपीव्हीसीला ते नीट चिकटतही नाही. दिवसाला साधारण २ ते ३ मिलीमीटर जाडी पिकते, तोवर पाणी लागू देऊ नका.

काचेचा जोड बदलणं

आधी वजनाचा हिशेब करा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलीमीटर जाडीला २.५ किलो. म्हणजे १ × १.२ मीटरचा, ५ मिलीमीटरच्या दोन काचांचा जोड ३० किलो भरतो. दोन माणसं, जाड हातमोजे, गॉगल आणि बंद बूट हवेतच. वरच्या मजल्यावर जोड बाहेरूनच निघत असेल तर हे काम घरी करू नका, परांचीवरून काम करणाऱ्या फॅब्रिकेटरला बोलवा.

१. काच आतून पट्ट्यांनी धरलेली असते, त्यांना बीडिंग म्हणतात. सुरुवात लांब बीडिंगच्या मध्यापासून करा. पुट्टीचा पत्रा बीडिंग आणि पल्ला यांच्या फटीत घाला. बीडिंग आणि काच यांच्या मध्ये नको. हळूहळू उचकटा. मधून सुटली की पट्टी कमान होऊन टोकांतून निघते. चारही पट्ट्यांच्या पाठीवर पेन्सिलने खूण करा, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

२. काच काढण्याआधी कडेचे प्लास्टिकचे तुकडे, म्हणजे पॅकर, कुठे आणि किती जाडीचे आहेत याचा फोटो घ्या. हा फोटो पुढे सर्वात जास्त उपयोगी पडतो.

३. जोड उचलून लाकडावर किंवा जाड सतरंजीवर ठेवा. टफन्ड काचेचा कोपरा फरशीला हलकासा टेकला तरी अख्खी काच फुटू शकते.

४. लांबी, रुंदी आणि एकूण जाडी मिलीमीटरमध्ये मोजा. ६+१२+६ असेल तर जाडी २४ भरेल. मोबाइलची टॉर्च काचेसमोर धरून चार प्रतिबिंबं बघा. एकाचा रंग वेगळा असेल तर त्या पृष्ठभागावर उष्णता परतवणारा थर आहे. आपल्याकडच्या उन्हासाठी तो बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. ऑर्डर देताना हे सांगा, दोन्ही सील लागणार का ते विचारा आणि कोपऱ्यावर टफन्डचा शिक्का मागा. टफन्ड काच नंतर कापता किंवा घासून लहान करता येत नाही, म्हणून मापात एक मिलीमीटर जास्तीपेक्षा दोन कमी बरे. नवा जोड येईपर्यंत जुनाच परत बसवून ठेवा.

५. नवा जोड बसवताना पॅकरवर लक्ष द्या. न उघडणाऱ्या पक्क्या खिडकीत तळाला दोन, प्रत्येक कोपऱ्यापासून साधारण पाव रुंदीवर. बाजूला बिजागरी असलेल्या पल्ल्यात तिरपे: एक खाली बिजागरीच्या कोपऱ्यात, दुसरा वर कुलपाच्या कोपऱ्यात. काचेचं वजन त्यामुळे खालच्या बिजागरीवर उतरतं आणि पल्ला कुलपाच्या बाजूला लोंबत नाही. पॅकर दोन्ही काचांखाली पुरा पोचला पाहिजे, नाहीतर एक काच अधांतरी राहते आणि सील ताणला जातो. पाण्याच्या फटीवर पॅकर ठेवू नका.

६. आखूड बीडिंग आधी, लांब नंतर. दोन्ही टोकं आधी अडकवून मधे दाबा आणि लाकडाचा तुकडा ठेवून रबरी हातोड्याने ठोका. खटकन आवाज आला की बसली.

हँडल जड झालंय? खिडकी उघडून फिरवून बघा

नवं कुलूप विकत घ्यायच्या आधी ही एक चाचणी करायलाच हवी. खिडकी उघडी ठेवा आणि हँडल फिरवा. उघड्या खिडकीत ते मऊ फिरत असेल आणि बंद करतानाच अडत असेल तर कुलूप ठीक आहे, पल्ला खाली उतरलाय. उघडं असतानाही जड किंवा करकरतं असेल तर मल्टिपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक जागी अडकणाऱ्या, कुलपाची पेटी जाम झालीय किंवा मोडलीय. हँडल सैल गोल फिरत असेल तर आधी हँडलवरची टोपी पाव वळसा फिरवून खालचे दोन स्क्रू आवळा. तेवढ्यानेही कित्येकदा काम होतं.

उतरलेल्या पल्ल्यासाठी चौकटीवर घासल्याच्या खुणा शोधा. कुलपाच्या बाजूचा खालचा कोपरा घासत असेल तर वरच्या, कुलपाच्या कोपऱ्यातला पॅकर एक-दोन मिलीमीटर जाड करा. एवढ्याने भागलं नाही तर चौकटीवरची कीप, म्हणजे कुलपाची टोकं जिच्यात अडकतात ती पट्टी, सैल करून सरकवा. मग ठिकठिकाणी कागदाची पट्टी दाबून खिडकी बंद करा. कागद ओढल्यावर सहज निघाला तर तिथे दाब कमी आहे. कुलपाची गोल टोकं ॲलन कीने फिरवता येत असतील तर थोडी फिरवून दाब वाढवा, पण हँडल दोन बोटांनी फिरलं पाहिजे.

पेटी बदलायची तर हँडल काढा आणि पल्ल्याच्या काठावरचे सगळे स्क्रू सोडवा, कुलूप पट्टीसकट बाहेर येतं. दुकानात जुनं कुलूपच घेऊन जा. पट्टीची एकूण लांबी, काठापासून हँडलच्या चौकोनी भोकापर्यंतचं अंतर आणि टोकांमधली अंतरं, तिन्ही जुळली पाहिजेत. खिडकी बंद असतानाच पेटी मोडली तर हँडलवर जोर लावू नका. दुसऱ्या माणसाने कुलपाच्या जागी पल्ला चौकटीकडे दाबून धरला की दाब सुटतो आणि टोकं बहुधा सरकतात.

खिडकी वाऱ्याने आपोआप मिटत असेल तर फ्रिक्शन स्टे, म्हणजे पल्ला उघडा धरून ठेवणारी सरकती पट्टी, झिजलाय. त्याच्यावर घर्षणाचा छोटा स्क्रू असेल तर पाव वळसा आवळा. नसेल तर दोन्ही बाजूंचे स्टे जोडीनेच बदला. एकच बदलला तर पल्ला पिळतो.

तेल, मीठ आणि गंज

मिरामार, कोलवा, कांदोळी अशा किनाऱ्याजवळच्या घरांत स्टेनलेस स्टीललाही तांबूस डाग पडतात. मिठाने ते पडतात, पाण्याने नव्हे. म्हणून महिन्यातून एकदा बिजागऱ्या आणि कुलपाच्या पट्ट्या गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करा. नवे भाग घेताना ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते ३०४ प्रतीपेक्षा मिठापुढे जास्त टिकतात. फरशीसाठीचं ॲसिड खिडकीजवळ उघडून ठेवू नका. त्याच्या वाफेनेच एका पावसात स्क्रू खाल्ले जातात.

कुलपाच्या सरकत्या भागांना वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि चवथीनंतर, हलकं मशीन ऑइल दोन-दोन थेंब पुरे. फ्रिक्शन स्टेच्या फक्त सांध्यांना तेल द्या, सरकणाऱ्या घर्षणाच्या ठोकळ्याला नको. काळ्या रबराला तेल किंवा ग्रीस लावू नका, ते फुगतं. सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन पुसा.

किल्लीचं सिलिंडर

बाल्कनीच्या दारातल्या सिलिंडरमध्ये तेल कधीच घालू नये. तेलावर लाल धूळ बसते आणि आतल्या पिना चिकटतात. ग्रॅफाइटची पूड घाला. ती नसेल तर ६बी पेन्सिलचं शिसं किल्लीच्या दातांवर घासून किल्ली दहा-बारा वेळा आतबाहेर करा. तरी अडली तर मूळ किल्ली लावून बघा, खूपदा डुप्लिकेटच वाईट कापलेली असते.

बदलायचं असेल तर दाराच्या काठावरचा, सिलिंडरच्या रेषेतला लांब स्क्रू पूर्ण काढा. किल्ली घालून डावीउजवीकडे किंचित फिरवत सिलिंडर ओढा. मधली जीभ अंगात दडली की ते अलगद बाहेर येतं. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजा: ३५–३५, ३०–४० असं माप येईल. एकूण लांबी सारखी असूनही हे विभाजन चुकलं तर बसत नाही. नवं सिलिंडर घालून स्क्रू हातानेच आवळा आणि दार उघडं ठेवूनच किल्ली दोन्हीकडून फिरवून बघा. बाहेरच्या बाजूला ते हँडलच्या पट्टीपुढे २–३ मिलीमीटरहून जास्त डोकावत असेल तर दुकानात परत देऊन आखूड आणा, कारण तेवढा भाग पकडीत सापडला तर ते मोडता येतं.