वेगात पळतं, आयडलला मरतं: जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड कसं तपासावं

गोव्यात ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. जुनं ८ ते १५ एचपीचं इंजिन फुल थ्रॉटलला खणखणीत चालतं, पण शापोरा किंवा साळ नदीच्या मुखाशी रेतीच्या बांधाजवळ वेग उतरवला की घुटमळत बंद पडतं. नेमकी लाट फुटते तिथेच.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी आयडलच्या, म्हणजे थ्रॉटल बंद असतानाचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या, स्क्रूकडे जातो. तो स्क्रू सगळ्यात शेवटी. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा. वेगात पेट्रोल मेन जेटमधून येतं, आयडलला स्लो जेटमधून, आणि स्लो जेटचं भोक केसाएवढं असतं. पावसाळाभर कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल सुकून चिकट होतं आणि आधी तेच भोक बुजवतं. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते इथली दमट हवा शोषतं आणि पाणी पुरेसं साचलं की त्याच्यासकट तळाशी बसतं.

म्हणून सुरुवात टाकीपासून करा. तळातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर सगळं ओतून काढा, गाळण्यात अर्थ नाही. नवं मिश्रण ५०:१, म्हणजे १० लिटरला २०० मिली टीसीडब्ल्यू-३ (आऊटबोर्डसाठीचं टू-स्ट्रोक) ऑइल; मॅन्युअलमध्ये वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, तेही बघा. हसू येईल, पण दहा मिनिटांनी बंद पडणाऱ्या इंजिनाचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

आता होडी धक्क्याला घट्ट बांधून इंजिन गरम करा. पाण्याबाहेर चालवू नका, थंड करणारं पाणी खेचणारा रबरी इम्पेलर काही सेकंदांत जळतो. इंजिन मरायला लागलं की पाइपवरचा रबरी बल्ब दाबा. सावरलं, तर पेट्रोल पोचत नाही: पंपाचा डायफ्राम, आतून फुगलेला पाइप किंवा बल्बचा व्हॉल्व्ह. बल्ब दाबून फरक नाही, पण चोक अर्धा ओढल्यावर सुधारलं, तर स्लो जेट बुजलाय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. कार्ब्युरेटरच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच.

कार्ब्युरेटर उघडलात की आधी वाटीचा तळ बघा. पांढरी पूड म्हणजे पाणी होतं. रबरी भाग बाजूला काढून मगच क्लीनर मारा. जेटमध्ये पिन किंवा तार घालू नका, पितळ ओरखडतं आणि माप बिघडतं. बारीक तंगूस घाला, मग हवा मारा. जेट उजेडाकडे धरल्यावर भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. ते अर्धचंद्रासारखं दिसलं तर अजून घाण आहे.

चोकनेही काही होत नसेल तर प्लग काढा. दोन सिलिंडरांपैकी एक प्लग तपकिरी आणि दुसरा ओला काळा असेल तर दुसऱ्याला ठिणगी मिळत नाही. प्लगची टोपी अधांतरी ठेवून इंजिन फिरवू नका, सीडीआय (ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक युनिट) आणि कॉइल जाऊ शकतात; टोपीत जुना प्लग बसवून तो ब्लॉकला टेकवा. एनजीके प्लगच्या नंबरात शेवटी '-१०' असेल तर गॅप १ मिमी. अर्थच्या वायरीवर मिठाची खपली असते, ती पॉलिश पेपरने घासा. थंड असताना चांगलं, तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू, असं होत असेल तर कॉइलवर संशय घ्या. ठिणगी मात्र बंद पडल्या पडल्या बघा, थंड झाल्यावर ती दिसणारच.

आता आयडलचा स्क्रू. आहे तिथून हलक्या हाताने बंद करताना किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मग दीड फेरा उघडा. इंजिन गरम, गिअरमध्ये, होडी बांधलेली. पाव पाव फेरा फिरवा, दर वेळी १५ सेकंद थांबा. थ्रॉटल झटकन दिल्यावर खोकलं तर पेट्रोल कमी पडतंय.

एवढं करूनही थरथरत असेल तर कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल किंवा कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलटं थुंकत असेल, तर काम रिंगांचं, रीड व्हॉल्व्हचं किंवा क्रँकच्या सीलचं आहे. ते मेकॅनिककडे.

पुढच्या मे महिन्याच्या शेवटच्या फेरीनंतर पेट्रोलचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलला चालवा आणि वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं काढा.