आई-वडिलांसाठी हेल्थ इन्शुरन्स: आधी दवाखाना ठरवा, मग पॉलिसी

साठी पार केलेल्या आई-वडिलांची पॉलिसी काढायची म्हणलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, हप्ता किती? माझं म्हणणं असंय की तो प्रश्न शेवटी विचारा. आधी हे ठरवा की रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर गाडी कुठं जाणार. परभणी-हिंगोलीकडचे नांदेडला पळतात, नांदेडवाले जास्तच झालं तर हैदराबादला, धाराशिवचे लातूरला नाहीतर सोलापूरला, जालना-बीडचे संभाजीनगरला. तिथल्या दोन-तीन दवाखान्यांची नावं कागदावर लिहा आणि समोर येईल ती योजना, येईल ती पॉलिसी त्या नावांवर घासून बघा. पाच लाखाचं कार्ड खिशात आहे पण त्या दवाखान्यात चालतच नाही, तर काय करायचं त्याचं?

सुरुवात सरकारी कार्डापासून करा, फुकट आहे म्हणून. वय ७० झालं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय, उत्पन्नाची अट नाही, जमीन किती पेन्शन किती कोणी विचारत नाही, वर्षाला पाच लाखापर्यंतचा उपचार. नवरा-बायको दोघंही सत्तरच्या पुढं असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून असतात, वेगवेगळे नाहीत. वय आधारवरचं धरतात, आणि आपल्याकडं अर्ध्या गावाचा जन्म गुरुजींच्या कृपेनं १ जूनचा, त्यामुळं घरचे म्हणतात बहात्तर आणि आधार म्हणतं अडुसष्ट अशी माणसं लई आहेत, ते आधी तपासा. आयुष्मान अ‍ॅपवर घरी बसून होतं, शेतात राबलेल्या हाताचा अंगठा मशीनवर उमटत नसेल तर ओटीपीनं नाहीतर चेहऱ्यावरून करा. प्रायव्हेट पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळतं.

सत्तरच्या आतल्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघायची. आधी दीड लाखाची होती, आता पाच लाखाची आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड चालतं, नाव मात्र त्यात पाहिजे. शंका असली तर १५५३८८ ला फोन लावा.

फक्त एक लक्षात घ्या, दवाखान्याच्या बाहेर योजनेचा बोर्ड आहे म्हणजे सगळंच तिथं होईल असं नाही. एखादा दवाखाना हृदयासाठी योजनेत असतो आणि हाडांसाठी नसतो. काही ऑपरेशन तर फक्त सरकारी दवाखान्यासाठीच राखून ठेवलेली असतात, म्हणजे संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासारख्या ठिकाणीच जावं लागतं. आत योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, बसलेला असतो, त्याला नुसतं 'योजना आहे का' विचारू नका, 'अँजिओप्लास्टी होते का, खुब्याचं होतं का' असं आजाराचं नाव घेऊन विचारा. आणि शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत, ते खिशातूनच.

एवढं करून ठरवलेला दवाखाना योजनेत निघालाच नाही तर मग प्रायव्हेट पॉलिसीकडं वळा. पोरगा पुण्यात किंवा वाळूजला नोकरीला असेल तर आधी त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील बसतात का ते विचारा, तिथं जुन्या आजाराला बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून कव्हर असतं. पण नोकरी सुटली की ते गेलं, त्यामुळं त्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. स्वतःच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच कव्हर असलेल्या पॉलिसीत, आई-बापाला घालायचं तर मी नकोच म्हणेन, हप्ता सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो आणि एका मोठ्या आजारात सगळ्यांचं कव्हर संपतं. त्यांची वेगळी काढा.

६५ नंतर पॉलिसी मिळत नाही हे अजून लोक सांगतात, ती अट विमा नियामकानं २०२४ मध्येच काढलीय. कंपनी आजार बघून नाही म्हणू शकते ते वेगळं. जुन्या आजाराचं वेटिंग, म्हणजे त्याचं कव्हर सुरू होईपर्यंत थांबायचा काळ, आता जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणून ६० ला काढलेली पॉलिसी आणि ६८ ला काढलेली यात लई फरक पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय, जुनं कोटेशन दाखवत असतील तर नवीन मागा.

आता खरी मेख. 'सिनियर सिटिझन' नावाच्या पॉलिसीत दोन गोष्टी हमखास बघायच्या, को-पे, म्हणजे मंजूर बिलातला तुमच्या खिशातून जाणारा ठरलेला टक्का, आणि रूमची मर्यादा. समजा रूमला रोज ३ हजाराची मर्यादा आहे आणि तुम्ही ६ हजाराची घेतली. बिल झालं २ लाख, त्यातले ८० हजार औषधं, तपासण्या, इम्प्लांटचे. तुम्हाला वाटेल फक्त रूमचा फरक द्यावा लागेल, पण उरलेल्या १ लाख २० हजाराला, म्हणजे डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर सगळ्याला अर्ध्याची कात्री लागते, राहिले ६० हजार. दोन्ही मिळून १ लाख ४०, त्यावर २० टक्के को-पे गेला की हातात १ लाख १२ हजार. हप्ता दोन-तीन हजारानं कमी दिसत होता तो याच्यासाठी. मी तरी कव्हर थोडं कमी घेईन पण रूमची मर्यादा नसलेली घेईन.

कव्हर वाढवायचंच असेल तर मूळ पॉलिसीच्या वर घ्यायचा सुपर टॉप-अप स्वस्तात पडतो, साधा टॉप-अप घेऊ नका. ३ लाखाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी तुम्ही किंवा मूळ पॉलिसीनं भरायची रक्कम, धरा आणि वर्षात दोनदा २-२ लाखाचं बिल झालं, साधा टॉप-अप एक रुपया देणार नाही कारण तो प्रत्येक बिल वेगळं मोजतो, सुपरवाला वर्षाची बेरीज करून वरचा १ लाख देतो.

फॉर्म एजंटला भरू द्या पण सही करायच्या आधी स्वतः वाचा. शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन सगळं लिहायचं, 'काही होत नाही, नका लिहू' म्हणणारा क्लेमच्या वेळी फोन उचलत नसतो. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते, त्या दिवसांत कंपनीच्या नेटवर्क, म्हणजे कॅशलेस चालणाऱ्या, दवाखान्यांची यादी तुमच्या कागदावरच्या नावांशी परत एकदा जुळवा. कार्ड, आधार, रेशनकार्ड आणि पॉलिसीचे फोटो गावात जो जवळ राहतो, चुलतभाऊ असो नाहीतर शेजारी, त्याच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा, कारण ॲडमिट करायला पहिला तोच जाणार, पोरगा पुण्याहून पोचेपर्यंत सकाळ होते.