चिनी भाषकांना ‘परस्वेड’ कसे शिकवावे

सोलापुरात बसून चिनी भाषक विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवताना ‘परस्वेड’ या क्रियापदाचा ‘मन वळवणे’ हा अर्थ सांगून थांबू नये, कारण खरी अडचण त्या अर्थात दडलेल्या यशाची आहे. ‘आय परस्वेडेड हिम टू गो’ असे म्हटले की तो जायला तयार झाला, हे गृहीतच असते. म्हणून ‘आय परस्वेडेड हिम, बट ही रिफ्यूज्ड’ हे वाक्य इंग्रजी कानाला विसंगत वाटते.

चिनी विद्यार्थी असे वाक्य सहज लिहितो, कारण त्याच्या मनात बहुधा ‘छ्युआन’ हे क्रियापद असते. त्यात आग्रह किंवा सल्ला असतो, पण समोरच्याने ऐकलेच असे नाही. ऐकल्याचा अर्थ ‘श्वोफू’मध्ये येतो, आणि ‘परस्वेड’ला जवळचे तेच. मराठी शिक्षकाला हा भेद चटकन कळावा, कारण ‘आईला गड्डा यात्रेला येण्यासाठी खूप समजावले, पण ती आली नाही’ हे आपल्याकडे बिनचूक आहे, तर ‘आईचे मन वळवले, पण ती तयार झाली नाही’ हे खटकते. यश न आलेल्या प्रसंगी ‘आय ट्राइड टू परस्वेड हर’ असे लिहायला लावावे. निम्म्याहून अधिक चुका इथेच मिटतात, असे माझे मत आहे.

रचना शिकवताना क्रियापदानंतर लगेच व्यक्ती आणि मग ‘टू’सह कृती, हा क्रम पक्का करावा. चिनीत दुसऱ्या क्रियापदापूर्वी ‘टू’सारखी खूण लागत नाही, त्यामुळे ‘परस्वेडेड द बायर ऑर्डर टॉवेल्स’ असे लिहिले जाते. तिथे ‘टू ऑर्डर’ हवे. आपल्या विद्यार्थ्यांची चूक वेगळी असते, ती म्हणजे ‘त्याला’मधल्या प्रत्ययामुळे व्यक्तीच्या आधी घातलेले ‘टू’. विचार पटवायचा असेल तर ‘परस्वेड’नंतर व्यक्ती आणि ‘दॅट’ने सुरू होणारे वाक्य येते. एखाद्या गोष्टीपासून परावृत्त करण्यासाठी ‘परस्वेड हिम नॉट टू गो’ किंवा ‘डिस्वेड हिम फ्रॉम गोइंग’ म्हणावे. ‘कन्व्हिन्स’ पूर्वी प्रामुख्याने मत पटवण्यासाठी वापरत. आता तो भेद बराच पुसट झाला असून त्यावर तास घालवू नये.

उदाहरणांसाठी सोलापूरकर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा आधार घेता येतो, कारण चीनमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र 1938 मध्ये ते वैद्यकीय पथकातून स्वेच्छेने गेले होते, त्यामुळे त्यांच्याबाबत ‘वॉज परस्वेडेड’ऐवजी ‘व्हॉलंटिअर्ड’ लिहिणेच योग्य.

उच्चारात जोर ‘स्वेड’वर द्यावा आणि शेवटचा ‘ड’ ऐकू येईल याकडे लक्ष ठेवावे, कारण मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, शब्दान्ती असा व्यंजनध्वनी येत नाही आणि विद्यार्थी तो गाळतात किंवा त्यापुढे स्वर जोडतात.